तास विचारणाऱ्या रामटेके मॅडम

बातमी आली तेव्हा मी कुही तालुक्यातल्या एका गावात, एका घराच्या छपरीत बसून एका बाईंना त्यांची गेल्या सात दिवसांची कमाई विचारत होतो. धानाच्या रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस होते. बाई चिखलातून थेट आल्या होत्या, पोटऱ्यांवरचा गाळ वाळून पांढरा पडला होता आणि त्यांना पुन्हा बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरायची घाई होती. आठ जणींनी मिळून एका शेताचा रोवणा ठेक्याने घेतला होता. पैसे एकत्र मिळाले, मग वाटून घेतले. मध्ये एक दिवस काम बंद पडलं, एक दिवस एक जण आलीच नाही… यातून या बाईंच्या वाट्याला कोणत्या दिवशी किती आले, ते आम्ही दोघं बोटांवर जुळवत होतो. तेवढ्यात ऑफिसमधल्या नितीनचा फोन आला. "अमोल, रामटेके मॅडम गेल्या गा. सकाळीच. हार्ट…" पुढे रेंज तुटली.

मी फोन खिशात ठेवला. बाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "काय झालं जी?" म्हणाल्या. मी म्हटलं, आमच्या मॅडम वारल्या. "आई वं… मंग जा ना तुम्ही. माझं काय, उद्या लिहा." जायलाच हवं होतं. पण उद्या त्या दुसऱ्या कुणाच्या बांधीत असत्या, आणि मागच्या बुधवारी काम किती वाजेपर्यंत चाललं हे आज आठवत होतं तसं उद्या आठवलं नसतं. शिवाय माझ्यासाठी त्या काम सोडून आल्या होत्या. मी म्हटलं, थोडंच राहिलं आहे, करून टाकू. उरलेले दिवस आम्ही नीट जुळवले, मी त्यांना पुन्हा वाचून दाखवले, त्यांनी मान हलवली, आणि मग मी गाडीला किक मारली. नागपूर तिथून चाळीसेक किलोमीटर. मी घाटावर पोहोचलो तेव्हा लोक परतत होते. पांढरा शर्ट घातलेले रामटेके काका, म्हणजे मॅडमचे यजमान, एका बाकावर बसले होते. मी त्यांना सांगितलं, फोन आला तेव्हा फॉर्म अर्धा झाला होता, म्हणून… त्यांनी माझा हात धरला. "पूर्ण केला ना?" म्हणाले. मी हो म्हटलं. "मंग ठीक आहे," ते म्हणाले. "अर्धा टाकून आला असता तर तिनं घरात घेतलं नसतं तुले."

याला आता सहा आठवडे झाले. या सहा आठवड्यांत मी बऱ्याच जणांना मॅडमविषयी सांगायला गेलो आणि दर वेळी अडखळलो, कारण त्या काय करत होत्या हेच आधी समजावून सांगावं लागतं. सरकारी आकडा म्हणजे कुठल्यातरी मोठ्या इमारतीत तयार होणारी गोष्ट असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात तो कुणाच्या तरी दारात, चपला काढून, "नमस्कार, थोडी माहिती पाहिजे होती" असं म्हणण्यापासून सुरू होतो. लोक आम्हाला सर्व्हेवाले म्हणतात. यादीतून घरं निवडून येतात. आम्ही त्या घरी जातो आणि कोण काय काम करतं, किती तास करतं, त्याचे किती मिळतात हे विचारतो. शहरातल्या त्याच घरी तीन-तीन महिन्यांनी पुन्हा जातो, एकूण चारदा. पहिल्या वेळी लोक संशयाने पाहतात, दुसऱ्या वेळी चहा देतात, तिसऱ्या वेळी दमले-भागलेले असतात आणि चौथ्या वेळी विचारतात, आता नाही का येणार तुम्ही? मॅडमनी हे काम तीस वर्षांहून जास्त केलं. आवड म्हणून आल्या असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. "बँकेची परीक्षा दोनदा नापास झाली, म्हणून इकडे आली," असं सरळ सांगायच्या. काका मौद्याच्या वीज केंद्रात शिफ्टमध्ये, घरी दोन मुली, आणि ही बाई सुती साडी, पायात कापडी बूट, खांद्यावर एक जड पिशवी अशी नागपूरच्या उन्हात वस्त्या पालथ्या घालायची.

मी नऊ वर्षांपूर्वी कंत्राटावर लागलो तेव्हा त्या आमच्या सुपरवायझर होत्या. मी नागपूरच्या महाल भागातला, आमच्याकडे आजोबांपासून सगळे टेबलावर बसून कामं करणारे. दुसऱ्याच्या दारात उभं राहून त्याची कमाई विचारायची, याचीच मला लाज वाटायची. पहिल्या दिवशी मॅडम मला सोबत घेऊन गेल्या. एका घरात कर्ते गृहस्थ बाजेवर बसून सगळ्यांची उत्तरं देत होते. मुलगा काय करतो, सून काय करते, सगळं त्यांना पाठ. "आन् हे घरीच राहते," बायकोकडे बोट दाखवून ते म्हणाले. मी 'घरकाम' असं नोंदवायला गेलो तर मॅडमनी माझ्या हातावर हलकेच हात ठेवला आणि त्या बाईंकडे वळल्या. "मावशी, काल किती वाजता उठल्या जी तुम्ही? मंग काय केलं? मंग?" मावशी काल पहाटेपासून सांगत गेल्या आणि सांगता सांगता दोन घरची धुणीभांडी आणि एका दवाखान्याची झाडपूस त्यातून बाहेर आली. गृहस्थ म्हणाले, "ते तर असंच जी, थोडा वेळ जाते." मॅडमना राग आला नाही. उलट त्या हसल्या आणि म्हणाल्या, "हो ना भाऊ. मंग तो थोडा वेळ किती, तेवढं सांगू द्या तिले."

'थोडा वेळ' हा शब्द मी पुढे हजारदा ऐकला. अर्धवेळ काम करणाऱ्या माणसाला स्वतःलाच ते काम वाटत नाही, आणि घरच्यांना तर नाहीच. मॅडमचं सगळं लक्ष या थोड्या वेळाकडे असायचं. पैसे सगळेच विचारतात, तास कोणी विचारत नाही, असं त्या म्हणायच्या. एकदा एका सिक्युरिटी गार्डचा पगार ऐकून मला वाटलं, बरा आहे की, किमान वेतनाच्या वर आहे. मॅडमनी शेजारून विचारलं, ड्यूटी किती तासांची? बारा. आठवड्याची सुट्टी? नाही. "आता तासानं भाग दे," त्या मला म्हणाल्या. मी भाग दिला आणि तोच पगार माझ्या डोळ्यांदेखत किमान वेतनाच्या खाली गेला. उलट बाजूला, दोन तास पोळ्या करणाऱ्या बाईची महिन्याची कमाई ऐकून कुणालाही दया यावी, पण तासाला पाहिलं तर ती त्या गार्डच्या पुढे होती. मॅडमना यात फार मौज वाटायची. कोडं सुटल्यावर शाळकरी मुलीचा होतो तसा त्यांचा चेहरा व्हायचा.

आता जे सांगायचं आहे ते माझ्या कमीपणाचं आहे. पण त्याशिवाय हे लिहिणं खोटं होईल.

नोकरीला लागून सहा-सात महिने झाले होते. हिंगण्याच्या कारखान्यांमागे एक वस्ती आमच्या यादीत होती. त्यातलं एक घर मला तीनदा कुलूपबंद सापडलं. ऑक्टोबरचं ऊन, बस सोडून अडीच किलोमीटर चालत जायचं, आणि कुलूप. तिसऱ्या वेळी मी समोरच्या पानठेल्यावर बसलो, ठेलेवाल्याला विचारलं. तो म्हणाला, नवरा कंपनीत आहे, बाई घरीच असते, पोरं आहेत. एवढ्यावर मी तिथेच बसून टॅबवर अख्खा फॉर्म भरला. नवऱ्याला अंदाजाने पगार, बाईला 'घरकाम, कमाई नाही', दोन मुलं. सात दिवसांचे तासही भरले, जरा वरखाली केले म्हणजे खरे वाटावेत. पाठवून दिलं आणि गार पाणी प्यायलो. मला त्या दिवशी फार वाईटही वाटलं नाही, हे सांगितलं पाहिजे.

आठवड्याने मॅडमनी मला टेबलापाशी बोलावलं. "या घरच्या बाईशी तू मंगळवारी अकरा वाजता बोलला?" मी हो म्हटलं. "घरात बसून?" हो म्हटलं. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. "गाडी काढतो मी," म्हणाल्या. "चल." चिडल्या किंवा खूश झाल्या की त्या अशा पुरुषी बोलायच्या. त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी हिंगणा रोडने निघालो. मला वाटत होतं, ही गाडी कधी पोहोचूच नये.

दुपारचे तीन वाजले होते आणि दार उघडं होतं. शोभा नावाची पस्तिशीची बाई आताच येऊन पाय धुत होती. मॅडम दोन दिवसांपूर्वी तपासणीला येऊन गेल्या होत्या हे मला तिथे कळलं. शोभा रोज सकाळी सहा ते नऊ एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासायची, तिथून शाळेत मुलांची खिचडी शिजवायला जायची ती अडीचपर्यंत, आणि संध्याकाळी एका घरची धुणीभांडी. मंगळवारी अकरा वाजता ती शाळेच्या चुलीपुढे होती. घरात मुलं दोन नव्हती, एकच मुलगी होती. मॅडमनी टॅब माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "विचार." शोभाला माझ्या खोट्या फॉर्मचं काही ठाऊक नव्हतं; तिने मला मोठ्या स्टीलच्या गिलासात पाणी आणून दिलं. मी विचारत गेलो. शाळेतला पगार किती, असं विचारल्यावर ती म्हणाली, "पगार नाही जी. मानधन आहे." मॅडम कोपऱ्यातून म्हणाल्या, "त्यातला मान किती आन् धन किती वं?" शोभा इतकी हसली की आतल्या खोलीत झोपलेला तिचा नवरा विलास उठून बाहेर आला. त्या आठवड्यात त्याची रात्रपाळी होती.

विलासने पगाराचा आकडा सांगितला. अगदी बरोबर किमान वेतनाचा. मी लिहिणार, तोच माझं लक्ष शोभाकडे गेलं. ती नवऱ्याकडे एकटक पाहत होती. मॅडमचंही लक्ष होतंच. त्या म्हणाल्या, "विलासभाऊ, एवढा पगार बँकेत येते, बरोबर. मंग किराणा भराले जाता तेव्हा हातात किती राहते?" तो शर्टाची बटणं लावू लागला. शोभाच म्हणाली, "सांगा ना. काहून लपवून राहिले?" मग त्याने सांगितलं. पगार बँकेत जमा होतो, सगळ्यांचा पूर्ण होतो. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस गेटजवळ उभा असतो. ठरलेले पैसे त्याच्या हातात रोख परत द्यायचे. नाही दिले तर पुढच्या महिन्यात कामावर घेत नाहीत. कागदावर सगळं चोख. सांगून झाल्यावर विलास घाबरला. "मॅडम, हे नका लिहू. माझं नाव गेलं तर…" मॅडम त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि त्याला हळूहळू समजावून सांगितलं. नाव बाहेर जात नाही, ठेकेदाराकडे जात नाही, आमच्या साहेबांच्याही हातातून पुढे जाताना नाव राहत नाही. "पण हातात येते तेच लिहावं लागते भाऊ. जे येतच नाही ते कसं लिहू?"

तेवढ्यात दारात मोटरसायकल थांबली. वस्तीतून कुणीतरी कळवलं असावं. तो तोच गेटवरचा माणूस होता. त्याने दारातूनच विचारलं, कशाचा सर्व्हे आहे, काय लिहून राहिले, जरा दाखवा. विलासचा चेहरा उतरला. मॅडमनी माझ्या हातातून टॅब घेतला, पिशवीत टाकला, चेन लावली आणि पिशवी मांडीवर घेतली. "दाखवता येत नाही," त्या म्हणाल्या. तो आत पाय टाकत म्हणाला, "आमच्या माणसाची माहिती आहे, आम्हाले काहून नाही?" मॅडम बसल्या जागेवरून म्हणाल्या, "या यादीत तुमचं घर नाही जी. जेव्हा येईल तेव्हा तुमच्याकडेही येईन. तुमचीही कमाई अशीच विचारीन, आन् तीही कोणाले दाखवणार नाही." बाहेर जमलेल्या बाया हसल्या. त्याने इकडेतिकडे पाहिलं, काहीतरी पुटपुटला आणि गाडी वळवून गेला.

गल्लीच्या टोकाला आल्यावर मॅडमनी पिशवीतून बाटली काढली. अर्धी बाटली त्यांनी एका दमात संपवली. मी विचारलं, भीती वाटली का? "वाटली ना बाप्पा," त्या म्हणाल्या. "पण माह्यापेक्षा त्या विलासले जास्त वाटली. त्याची नोकरी गेली तर माह्यामुळे जाईन." मग बाटली पिशवीत ठेवून म्हणाल्या, "मी साहेबांले काही सांगणार नाही. हा फॉर्म रद्द करून नवा टाकला, एवढंच लिहीन. कशाले रद्द केला, ते सांगायचं का नाही, तू पाहा."

मी रात्रभर जागा होतो. नोकरी जाणार हे दिसत होतं. तीन-तीन महिन्यांची कंत्राटं, माझ्यासारखे शंभर बाहेर उभे. घरी वडिलांना काय सांगायचं… सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगून टाकलं. साहेबांनी लेखी खुलासा घेतला आणि त्या वस्तीतली माझी सगळी घरं रद्द केली. माझं काय करायचं यावर मॅडमचं मत मागवलं. ते त्यांनी काय लिहून दिलं हे मला पुष्कळ वर्षांनी त्या फाइलीत दिसलं. एकच ओळ होती. "संबंधिताने स्वतःहून सांगितले आहे, सबब सर्व घरे माझ्यासोबत पुन्हा करील." माझी नोकरी त्या एका ओळीवर राहिली. आज मी परीक्षा देऊन कायम झालो आहे, त्या परीक्षेचा फॉर्मसुद्धा त्यांनीच मला बळजबरीने भरायला लावला.

पुढचे सहा रविवार आम्ही दोघं त्या वस्तीत होतो. त्यांना त्याचा एक पैसा जास्त मिळत नव्हता. सकाळी हिंगणा नाक्यावर तर्री पोहे खायचे, पोह्यांवर तर्री पुन्हा-पुन्हा मागून घ्यायची, डोळ्यांतून पाणी यायला लागलं की "आता झालं तिखट" म्हणायचं, आणि मग घरोघर. एका रविवारी पोहे खाता खाता त्यांनी मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. किती वाजता निघतो, किती वाजता घरी जातो, घरी जाऊन टॅबवर किती वेळ बसतो, बसचं भाडं कोण देतं. मी हसत हसत सांगत गेलो. त्यांनी कागदाच्या प्लेटच्या मागे भागाकार केला आणि प्लेट माझ्यासमोर धरली. किमान वेतनाच्या जेमतेम काठावर होतो मी. त्या दिवशी मला वाटलं, आता त्या म्हणतील की असं होतं म्हणूनच तू खोटं भरलंस. तसं त्या म्हणाल्या नाहीत. "हे वेगळं आन् ते वेगळं," एवढंच म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशीपासून कंत्राटी पोरांना प्रवासखर्च मिळावा म्हणून त्यांनी साहेबांच्या मागे जो तगादा लावला, तो वर्षभराने मंजुरी आली तेव्हाच थांबवला.

त्या सोप्या नव्हत्या. ऑफिसात बैठकीत वाद घालायच्या, आवाज चढवायच्या, आणि चूक त्यांची निघाली तर दोन दिवस कुणाशी बोलायच्या नाहीत. शोभासारख्या बायांचं मानधन कमाईत धरायचं की नाही, यावर एकदा मोठी चर्चा झाली. एक अधिकारी म्हणाले, ते सेवाभावी काम आहे. मॅडम म्हणाल्या, "सर, महिन्याच्या महिन्याला देतात, सही घेतात, गेली नाही तर कापतात. आणखी पगार कशाला म्हणतात?" अधिकाऱ्यांनी थोडा वेळ कागद चाळले आणि म्हणाले, बरं, लिहा.

तीन महिन्यांनी आम्ही पुन्हा शोभाकडे गेलो. त्या तीन महिन्यांत मॅडमनी माझ्याजवळ विलासचा विषय कितीदा काढला असेल! गल्लीत शिरतानाच त्यांची चाल वाढली. विलास दारात दाढी करत बसला होता. "आहे जी नोकरी," आमच्याकडे पाहून तो आधीच म्हणाला. मॅडम दारातल्या दगडावर मटकन बसल्या. पैसे मात्र तसेच परत द्यावे लागत होते. शोभाने चहा देताना सरळ विचारलं, "मॅडम, तुम्ही एवढं लिहून राहिल्या, त्यानं आमचं काही होते का?" मॅडम म्हणाल्या, "तुझा पगार वाढेन असं मी नाही सांगत, शोभा. मले माहीत नाही. पण जे मोठे लोक ठरवतात त्यांच्यापुढे तू घरीच बसली राहते असं जाऊ नाही, एवढं माह्या हातात आहे." शोभाने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मंग संध्याकाळचं घर सुटलं माझं, ते काढून टाका." आणि तिने पहिल्यांदा स्वतःहून, न विचारता, आपले तास सांगितले. चौथ्या वेळी आम्ही गेलो तेव्हा तिने एका कॅलेंडरवर पेनाने रोजचे तास लिहून ठेवले होते. मॅडमनी ते कॅलेंडर दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ पाहिलं. त्या कॅलेंडरच्या जोरावर शोभाने पुढे कॅन्टीनवाल्याकडून जास्तीच्या वेळाचे पैसे मागून घेतले, असं नंतर बाजारात भेटल्यावर तिनेच मला सांगितलं. हे मी मॅडमना सांगितलं तेव्हा त्या रस्त्यातच स्कूटर थांबवून हसल्या होत्या.

तीन वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या. घरी बसवेना. मग आमच्याकडे नवी कंत्राटी मुलं-मुली लागली की रविवारी उत्तर नागपुरातल्या त्यांच्या घरी पुढच्या खोलीत जमायची. मॅडम खुर्चीवर बसायच्या आणि माहिती देणाऱ्याची सोंगं घ्यायच्या. कधी सासू ऐकत असलेली सून, कधी सगळं फुगवून सांगणारा दुकानदार, कधी दारच न उघडणारी म्हातारी. मुलांनी प्रश्न विचारायचे आणि खरं काढून घ्यायचं. सून झाल्या की त्या इतक्या हळू आवाजात बोलायच्या की मुलांना पुढे सरकावं लागायचं. काका आतून चहा आणत आणि दारात उभे राहून हसत बघत. मागच्या वर्षी पहिला झटका आला, तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी जपायला सांगितलं. जपणं त्यांना कधी जमलं नाही. मी शेवटचा गेलो तो त्यांच्या जाण्याच्या पंधरा दिवस आधी. त्या दिवशी त्या थकलेल्या दिसत होत्या, पण एका मुलीने कठीण उत्तर काढून घेतलं तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. निघताना मी म्हटलं, मॅडम, तुम्ही नसत्या तर मी या कामात नसतो. "उगाच," त्या म्हणाल्या. "तू स्वतः सांगितलं म्हणून आहे." यापेक्षा जास्त आभार मला त्यांचे मानता आले नाहीत, म्हणून हे लिहितो आहे.

मॅडमच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम झाल्यानंतरच्या रविवारी मी काकांजवळ बसायला गेलो. थोड्या वेळाने पल्लवी आली. गेल्या काही महिन्यांपासूनची आमची नवी अन्वेषक, म्हणजे सर्व्हेवाली. तीही नुसती भेटायलाच आली होती. मग काकाच म्हणाले, "ती नाही म्हणून तुमचं काम थोडी थांबते? मी बसतो. विचार बेटा." ते मॅडमच्या खुर्चीवर बसले, शर्टाची कॉलर नीट केली आणि सांगितलं की मी सिक्युरिटी गार्ड आहे. पल्लवी आधी बिचकली. मग तिने वही काढली. ड्यूटी किती तास? बारा. सुट्टी? महिन्यातून दोन, त्याचे पैसे कापतात. काका चांगलं करत होते. इतकी वर्षं दारात उभं राहून ऐकलेलं होतं त्यांनी. पल्लवीने विचारलं, "आणि तुमच्या जागेवर येणारा उशिरा आला तर?" काका म्हणाले, "थांबावं लागते ना. अर्धा तास, कधी एक तास." "त्याचे पैसे मिळतात?"

काकांना हे ठाऊक नव्हतं. आम्हाले तर वीज केंद्रात ओव्हरटाइम होता, असं काहीतरी पुटपुटले. मग मान वळवून आतल्या खोलीकडे पाहत, रोजच्या आवाजात म्हणाले, "ऐकतं का वं, गार्डाले त्या तासाचे…"

आणि थांबले.

मी खाली पाहिलं. पल्लवी मात्र काकांकडेच पाहत होती. ती हळूच म्हणाली, "नाही मिळत, काका. मॅडमनी सांगितलं होतं मले."

"नाही मिळत?" काकांनी विचारलं.

"नाही."

काकांनी डोळे पुसले, खुर्चीत सरळ झाले आणि म्हणाले, "मंग नाही लिही बेटा. पण तो तास लिही."

पल्लवीने लिहिला.